त्याला चावी देऊ नका

पटलं नाही तर सोडून द्या, पण हे माझ्याच वर्गात घडलंय. गेल्या श्रावणात. आणि रात्री नाही, भर दुपारी.

मी संभाजीनगरला, बिडकीन रोडवरच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतो. इंजिनिअरिंगची सुरुवात मी घड्याळ खोलून करतो. स्प्रिंग ताकद साठवते, चाकं ती पुढं नेतात, लंबक लगाम घालतो. एवढं कळलं की पुढची मशीनं सोपी जातात.

लासूर स्टेशनच्या तनुजानं घरचं जुनं लंबकाचं घड्याळ आणलं. मागोमाग तिच्या आजीचा, आवडाबाईंचा फोन.

"पोरगी ऐकंना म्हणून दिलं, सर. चावी पेटीतच हाय. पण त्याला चावी देऊ नका. आमचा बन्सी गेल्यापास्नं दिली नाय. त्याचा पोरीवर लई जीव व्हता."

बन्सी म्हणजे तनुजाचा वारलेला काका.

"नाही देणार," मी म्हणालो.

घड्याळ पूर्ण खोललं. चाकं ट्रेमध्ये, पेटी रिकामी. डब्याच्या सुट्टीत दारात एक उंच माणूस आला.

"लासूरहून आलो. चावी द्या."

आजीनं धास्तीनं माणूस पाठवला, मला हसूच आलं. दिली. चावीच नाही तर काळजीच नको!

"तनुजा कुठं बसती?"

मी खिडकीजवळचा बाक दाखवला.

सुट्टीनंतर शिकवत होतो, तर...

टिक.

टिक.

माकडाच्या हाती कोलीत, तसे या पोरांच्या हाती मोबाईल. सगळे काढून घेतले. मागच्या बाकावरच्या शिवमला तर उभंच केलं.

आवाज चालूच.

पेटीला कान लावला. शांत.

बाकांमधून चालत गेलो. खिडकीकडं आवाज वाढत गेला...

तनुजा.

"सर, माझ्याकडं काहीच नाही." तिचे हात रिकामे होते. मला तरी तिचाच संशय. बाहेर येऊन मी आजीला फोन लावला.

"आजी, मी चावी दिली नाही हं. तुमच्या माणसाकडं परत पाठवली."



"आम्ही कुणाला धाडलं नाय, सर... उंच व्हता का?"

"हो."

"अवो, मी घड्याळाचं नव्हते म्हणत! त्याला म्हंजी बन्सीला!"



घड्याळ जोडून परत केलं. चावी मिळाली नाही.

तनुजा अजून त्याच बाकावर बसते. ठणठणीत आहे. तिला कसली टिकटिक ऐकू येत नाही म्हणते.

तिच्या बाकाजवळून जाताना मी मुद्दाम मोठ्यानं शिकवतो.