मागे झांज नाही

या, असे जवळ सरकून बसा. आजचे बुवा अजून पागोटं बांधतायत, तेवढ्यात एक हकीकत सांगतो. कीर्तनाची गोडी असलेल्यालाच सांगावी अशी आहे.

माझं जामसंड्याला रेडिओ-टेपदुरुस्तीचं दुकान. २००५ सालच्या वैशाखात शिवा आपल्या जीपमधला प्लेयर काढून घेऊन आला. त्याला कॅसेट लागत नव्हती, सीडी नव्हती. आत हार्डडिस्क आणि लहानसा कॉम्प्युटर. भावाने दुबईहून पाठवलेला. शिवा कीर्तनकार बाबलीबुवांच्या मागे झांज धरायचा, आणि देवळातल्या लाऊडस्पीकरची वायर त्या डब्याला जोडून त्यांची कीर्तनं भरून घ्यायचा. रेडी गावच्या देवळात पूर्वरंग संपला, उत्तररंगाआधी गळ्यात घालतात त्या हारासाठी बुवा वाकले, ते पुन्हा उठले नाहीत. त्या धावपळीत शिवानेच वायर ओढून काढली होती. पुढे डबाही मुका झाला.

सोबत बुवांची बायको मथुराकाकी होती. पाऊस नसताना तिने डबा पदराखाली झाकून आणला होता.

"भाई, माका ह्यांचो आवाज एकदा ऐकूचो आसा. सगळे म्हणतत त्या दिवशी गळो काय लागललो! मी घराकडे पेज ढवळीत होतंय."

"ह्यो डबो बुवांपेक्षा हट्टी," शिवा म्हणाला.

"तुझ्यापेक्षा नाय रे," काकी म्हणाली.

डब्याचा पडदा काळाच. कुठे अडलंय ते त्यालाच विचारायला हवं होतं. बोर्डाच्या कडेला, कारखान्यात तपासणीसाठी ठेवलेले धातूचे बारीक ठिपके होते. त्यांना मी तीन वायरी सोल्डर केल्या. एक त्याच्या बोलण्याची, एक ऐकण्याची, एक अर्थिंगची. मध्ये व्होल्टेज जुळवणारी चिप, पलीकडे माझ्या कॉम्प्युटरचं सिरियल पोर्ट. आधी स्क्रीनवर नुसता अक्षरांचा कचरा आला. वेग जुळवल्यावर ओळी सरळ झाल्या. डिस्क जागी होत नाही, असं डबा सांगत होता. दोन-तीनदा उठवल्यावर ती घरघरली. शेवटची फाईल लावायला मी कीबोर्डवरून सांगितलं, आणि स्पीकर जोडला.

नमन सुरू झालं. काकीने डोक्यावरचा पदर सारखा केला, बुवा दारातून आत यावेत तसा.

पूर्वरंग पुरा ऐकला. मग माणसांची कुजबुज, आणि शांतता. शिवाने वायर ओढली होती ती इथे.

"सरला?" काकीने विचारलं.

"एवढाच भरलेला, काकी."

फाईल संपली की स्क्रीनवर पुढच्या हुकुमाची खूण परत यायला हवी. ती येईना.

"हाराशिवाय बुवा कधी उत्तररंगाक उभे रवले हत?" शिवा हसला. "थांबलेत ते."

काकी हसली नाही. तिने माझ्या गणपतीच्या तसबिरीवरचा अबोलीचा हार काढला आणि डब्यापाशी येऊन थबकली. विधवेने हार घालू नये, असं कुणी म्हटलं नव्हतं. हात तिचा तिनेच मागे घेतला.

"आण गो काकी, मी घालतंय."

शिवाने हार डब्यावर ठेवला.

स्पीकरमध्ये कुणीतरी घसा साफ केला. मग सुदामदेवाचं आख्यान लागलं.

आवाज बुवांचाच. कृष्णाने दारापर्यंत धावत येऊन सुदाम्याला मिठी मारली, तिथे ते नेहमीसारखे गहिवरले. स्क्रीनवर ओळ उमटली: डिस्क सापडत नाही.

मी डिस्कवर बोट ठेवलं. फिरत नव्हती.

तिची केबल काढली.

गाणं चालू राहिलं.

"झांज नाय," शिवा हळूच म्हणाला.

"काय?"

"मागे झांज नाय, भाई. एकटेच गातत."

तो काउंटरवर बोटांनी ताल धरू लागला. आरती झाली. स्क्रीनवर खूण परत आली. वायरी तशाच ठेवून डबा तिच्या हाती दिला.

काकीला घरी सोडून परतताना शिवा गेला. जीप रस्त्याकडेला नीट लावलेली, इंजिन बंद. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याचे दोन्ही हात छातीपाशी, समोरासमोर, अर्धे मिटलेले. उचलणाऱ्यांना ते सरळ करता आले नाहीत.

दर एकादशीला काकी डबा लावते. एकदा मीही गेलो. उत्तररंग लागला आणि झांज आली. सगळी जागच्या जागी. फक्त लय वाढली की जरा पुढे धावणारी. बुवा त्यासाठी शिवाला हयातभर रागवत.

"आता पुरा झाला कीर्तन," काकी म्हणाली, आणि मला चहा दिला. मी प्यालो. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

चला, बुवा उभे राहिले. मध्ये हाराची वेळ होईल. हार घालायला जो कोणी पुढे होईल, त्याला अडवू नका. फक्त तेवढा वेळ शिवाची आठवण ठेवा.