मंगळवारचा अर्धा तास

संध्या पगारनं कठड्यावरची काचेची नळी धुऊन उपडी ठेवली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अहो मॅडम! सव्वीस मिनिटं झाली होती हो!"

दिंडोरी रस्त्यावरची ती वाइनरी. फेब्रुवारीतला द्राक्षांचा हंगाम, सगळ्या आवारात आंबूस-गोड वास. वाइन चाखायला येणारी हौशी मंडळी पुढच्या दारानं आत जायची. संध्या मात्र मागं आली होती, टाक्या धुतलेलं लालसर पाणी जिथं शुद्ध होतं तिथं. ती सातपूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि दर मंगळवारी इथल्या पाण्याचा नमुना नेण्याचं काम नुकतंच तिच्याकडं आलं होतं. कठड्यावर मापाची उंच नळी, तिच्यात तपकिरी गढूळ पाणी... प्रयोगशाळेतल्या माणसाचा हात तो! घाण काच दिसली की धुवायची, एवढंच त्याला ठाऊक.

"मी गाळ बसवायला ठेवला होता," समोरचा उंच, सावळा तरुण कपाळाला हात लावून म्हणाला. "अर्धा तास नळीला हात लावायचा नसतो. गाळ कुठवर बसतो, त्यावरून टाकीतल्या घाण खाणाऱ्या जिवाणूंची तब्येत कळते."

"मग... आता?"

"आता काय, पुन्हा भरतो. थांबा माझ्याबरोबर अर्धा तास. हीच शिक्षा."

हा ज्ञानेश बोरस्ते, निफाडकडचा, त्या प्लांटचा ऑपरेटर. शिक्षा एका मंगळवारची होती, पण संध्या ती दर मंगळवारी आपण होऊन भोगायला लागली. नमुना दहा मिनिटांत भरून व्हायचा. तरी नळी भरली की दोघं कठड्यावर बसायची, तो बोलायचा, ती हसायची, आणि गाळ सावकाश खाली जायचा. सटाण्याला बाबा आपल्यासाठी स्थळं बघताहेत, हेही तिनं एकदा मुद्दाम सांगून टाकलं. बोल ना रे काहीतरी... ती मनात म्हणाली. पण तो आपला नळीकडं बघत बसला!

मार्चमध्ये रूपाली आली. पुण्याच्या कंपनीची, लाल हेल्मेटची, खळखळून हसणारी. तिनं चाचणीपुरता टाकीत एक मीटर सोडला आणि पाण्यात किती घाण उरली, ते मिनिटामिनिटाला ज्ञानेशच्या मोबाइलवर दिसायला लागलं.

"रूपाली मॅडम म्हणतात, पुढं कारखाने यंत्रं विकत घेणारच नाहीत," ज्ञानेश रंगात येऊन सांगत होता. "पाणी साफ करून द्यायचा ठेकाच कंपनीला द्यायचा. आणि साफ झालेलं पाणी नाल्यात सोडायचं नाही, परत वापरायचं. सगळा धंदाच बदलतोय. रूपाली मॅडम म्हणतात—"

"आणखी काय काय म्हणतात रूपाली मॅडम?"

"म्हणजे?"

"काही नाही. विचारलं आपलं."

संध्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. ती बया कठड्यावर बसली होती, नेमकी हिच्या जागेवर! जागेवर काही हिचं नाव लिहिलेलं नव्हतं, पण म्हणून काय झालं? राग बाईचा धरावा की यंत्राचा, तेच तिला कळेना. बाई तीन-तीन तास ज्ञानेशशी बोलत उभी. आणि मीटर बसला की नळी नको, दर आठवड्याचा नमुना नको, मंगळवार नको... संध्याही नको.

मॅनेजरसाहेबांनी अट घातली होती. मीटरचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळला, तरच मीटर घ्यायचा. मीटर म्हणाला, चौऱ्याऐंशी. संध्यानं तोच नमुना सातपूरला नेऊन तपासला. शहाऐंशी! एवढा फरक म्हणजे फरकच नाही.

ती कॉम्प्युटरसमोर बसली. बोटानं शहाऐंशीच्या आधी हळूच एक आकडा टाकला. एकशे शहाऐंशी. कोण विचारतंय? मीटर खोटा ठरेल, लाल हेल्मेट पुण्याला परत जाईल...

"काय गं, डोळ्यांत पाणी?" शेजारच्या टेबलावरून लताबाईंनी विचारलं. "इतकी घाण आहे का नमुन्यात?"

"नाही हो, लताबाई. फारच स्वच्छ आहे."

तिनं तो आधीचा एक पुसला आणि अहवाल पाठवून दिला. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा! मीटर बसला. पुढचा मंगळवार तिनं प्रयोगशाळेतच काढला, आणि त्या दिवशी ती कुणाशी धड बोलली नाही.

गुरुवारी दुपारी मात्र दारात ज्ञानेश उभा. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. प्लांटबाहेर तिनं त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

"नमुना आणलाय?"

"नाही. तुम्हाला भेटायला आलोय."

"रूपाली मॅडमनी बरं सोडलं!"

"त्यांना मीच बोलावलं होतं. चार फोन केले, तेव्हा आल्या."

संध्यानं तोंड फिरवलं. पण तो बोलतच होता... "हंगामात मला प्लांट सोडून तासभर कुठं हलता येत नाही. रविवार नाही, सण नाही. तुम्ही म्हणालात, सटाण्याला स्थळं बघताहेत. जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस. म्हटलं, मीटर बसला तर जाता येईल." त्यानं मोबाइल पुढं धरला. "हा बघा, प्लांट खिशात."

"मग तीन-तीन तास काय बोलत होतास तिच्याशी?" 'तू' कधी तोंडून निघून गेलं, तिला कळलंही नाही.

"शिकत होतो. बिघडला तर लांबून कसा चालू करायचा ते. रविवारी अर्ध्यातून पळत यायला लागलं, तर तुझे बाबा काय म्हणतील?"

संध्या खाली बघत म्हणाली, "मी अहवालात एकशे शहाऐंशी लिहिलं होतं. ती जावी म्हणून."

"मग?"

"पुसलं. पाणी खरंच स्वच्छ होतं. तुझी मेहनत होती ती."

तो तिच्याकडं बघतच राहिला. "एवढी जळलीस?"

"जळले. अजून जळतेय. दिसायलाही छान आहे ती."

"असेल. मी मीटरकडं बघत होतो." मग घसा खाकरून, निफाडच्या तोंडाला न झेपणाऱ्या, तिच्या सटाण्याकडच्या अहिराणीत त्यानं विचारलं, "रविवारले... बाबा घर शेतस का?"

संध्याला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"असतात," ती म्हणाली. "सकाळीच ये. आणि बाबांसमोर एकदा जरी 'रूपाली मॅडम म्हणतात' म्हणालास ना... तर बघ!"