उजव्या स्टिकमधली घाण

"ईऽऽ! हे काय आहे?" ओवी किंचाळली आणि दोन पावलं मागे सरकली.

"ओरडू नको ना! स्क्रू सांडतेत," सुदर्शन म्हणाला. टेबलावर गेमचा कंट्रोलर पोट उघडं टाकून पडला होता. उजव्या स्टिकच्या बुडाशी काहीतरी तपकिरी, चिकट, लिबलिबीत साचलं होतं, आणि त्यावर पांढरट पापुद्रा धरला होता. वास तर असा, की ओवीने ओढणीने नाक घट्ट दाबून धरलं.

"मेलेलं झुरळ असेल," हिमांशू म्हणाला.

"झुरळाला पाय असतेत. ह्याला नायत!"

"गप्प बसा दोघं! मला ओकारी येतेय!"

सुदर्शन शेजारच्या काकूंचा भाचा. तो कन्नड गावाहून सुट्टीला इथे शहरात, सिडको भागात आला होता. त्याच्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं, त्यामुळे बंद पडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. कंट्रोलर मात्र या तिघांपैकी कोणाचाच नव्हता. तो श्रीरंगदादाचा, म्हणजे ओवी-हिमांशूच्या चुलत भावाचा. पुण्याला परीक्षेला जाताना त्याने तो मोठ्या विश्वासाने या बहीण-भावाच्या हवाली केला होता.

आणि चार दिवसांपूर्वी उजवी स्टिक बिघडली. हात लावला नाही तरी पडद्यावरचा बहाद्दर आपोआप मान वर करून आभाळाकडे बघायचा! समोरून शत्रू धावून येतोय आणि हे महाशय ढग मोजतायत!

एवढ्यावर भागलं असतं, पण नानासाहेब मामा मध्ये पडले. हे आईचे थोरले भाऊ. लासूर स्टेशनच्या त्यांच्या घराचं रंगकाम चालू होतं, म्हणून पंधरा दिवस ते इथेच मुक्कामाला होते. "कालिंदी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," त्यांनी आईला सांगितलं. "हरला म्हणून तुझ्या लेकाने फरशीवर आपटला तो!"

हिमांशू रडून रडून सांगत होता, की मी आपटला नाही. आईने ऐकलं नाही. "मामा खोटं बोलतील का?" मंगळवारी श्रीरंगदादा सगळ्यांना फर्दापूरला, अजिंठ्याची लेणी बघायला नेणार होता. त्यातून हिमांशूचं नाव कटलं! ओवी तेव्हा गप्प राहिली. मागच्या वर्षी हिमांशूने रागाने बॅट फेकली होती, हे तिला आठवत होतं. त्यानेच आपटला असेल, असं तिलाही वाटलं होतं.

"आपटला असता तर कुठंतरी तडा असता," सुदर्शन आत डोकावत म्हणाला. "इथं नुसती घाण हाये. लई घाण!"

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडून त्याने बाटलीच्या बुडाला राहिलेलं स्पिरिट मागून आणलं होतं. स्टिकच्या कडेला एक चिमुकली हिरवी डबी होती आणि तिच्यात एक चकती. अंगठा कुठे दाबला जातोय हे ती चकती मशीनला सांगते. तिच्यावर घाण बसली की मशीनला भलतंच काहीतरी कळतं. कान साफ करायच्या सात काड्या तपकिरी झाल्या, तेव्हा कुठे ती चकती लख्ख दिसायला लागली. सगळं परत बसवलं आणि बहाद्दर शहाण्यासारखा समोर बघू लागला!

"वा रे डॉक्टर!" हिमांशू ओरडला. हा गुरुवार.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र तिघंही थक्क झाले. उजव्या स्टिकच्या खाचेत पुन्हा तोच चिकट, तपकिरी लेप!

"पण दुपारभर आपण लायब्ररीत होतो!" हिमांशू म्हणाला.

"म्हणजे दुपारी कोणीतरी दुसरंच खेळतंय," ओवी म्हणाली. किळस गिळून तिने कंट्रोलर उजेडात धरला. "आणि हे बघा! उजवी स्टिक घाण, उजवीकडची बटणं घाण. डावी बाजू अगदी स्वच्छ. ज्याने कोणी हे केलंय, त्याचा फक्त उजवा अंगठा बरबटलेला असतो!"

सुदर्शनने वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "च्यायला! हा तर आमच्या आप्पांचा वास! आप्पा डाव्या तळहातावर तंबाखू अन् चुना घेतेत, अन् उजव्या अंगठ्यानं मळतेत!"

या घरात तंबाखू खाणारा माणूस एकच होता. डॉक्टरांनी तोंडातले पांढरे चट्टे दाखवल्यावर दिवाळीत त्याने आईची शपथ घेऊन ती सोडली होती.

"मामा?" हिमांशूचा आवाज चिरकला. "ते तर म्हणतात, गेम म्हणजे डोक्याला लागलेली वाळवी!"

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार होता. आईच्या बँकेला सुट्टी असल्याने ती जेवून आतल्या खोलीत आडवी झाली. "आई, आम्ही लायब्ररीत चाललो!" ओवीने सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, आणि तिघं जाऊन बसले मागच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी. ऊन असं, की दगड चटके देत होता. पंधरा मिनिटांनी ते अनवाणी आत शिरले.

बाहेरच्या खोलीत कूलर घरघरत होता. बनियनवर बसलेले मामा टीव्हीचा आवाज बंद करून दबक्या आवाजात ओरडत होते, "हाण! हाण त्याला!" मग त्यांनी खेळ थांबवला, कंबरेची तंबाखूची चंची काढली, चिमूट मळली, थापटली, ओठाखाली दाबली, मनी प्लांटच्या कुंडीत पिचकन थुंकले, आणि तोच अंगठा, न पुसता, स्टिकवर टेकवला!

ओवी तडक पुढे आली. "मामा!!"

मामा दचकले आणि कंट्रोलर खाडकन फरशीवर पडला.

"हे मात्र आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं," हिमांशू शांतपणे म्हणाला.

"हळू रे! कालिंदी उठेल!" मामांचा चेहरा पडला. "मी तुम्हाला आइस्क्रीम आणतो. तिघांना! पण हे आपल्यातच राहू द्या, हं?"

इतका वेळ ओवीला त्या लेपाची शिसारी होती. आता तिला मामांची आली. पोराला इतके दिवस रडवलं, आणि वर आइस्क्रीम!

"आइस्क्रीम नको," ती म्हणाली.

सुदर्शनने टेबलावर स्क्रू ड्रायव्हर, स्पिरिट आणि काड्या मांडल्या. "मामा, परवा आम्ही साफ केलं. आता तुमी करा."

मामांनी कंट्रोलर उघडला. आत डोकावले, वास घेतला, आणि तोंडावर हात दाबून थेट मोरीकडे पळाले. परत आले ते डोळे पुसतच. "हेच... मी तोंडात ठेवतो?" ते पुटपुटले.

"काय गडबड आहे?" आई दारात उभी होती.

हिमांशूने तोंड उघडलं, पण ओवीने त्याचा हात दाबला. हे मामांनीच सांगायला हवं होतं! मामांनी एकदा हिमांशूकडे पाहिलं आणि चंची बहिणीच्या हातात ठेवली.

"कालिंदी, हिमांशूने काही आपटलं नव्हतं. बिघाड माझ्यामुळे झाला. मी खोटं बोललो."

आई ओरडली नाही. "नाना, सोमवारी मी तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे येणार," एवढंच म्हणाली. मग तिने हिमांशूला जवळ ओढलं. "माझं चुकलं रे. तुझं ऐकून घ्यायला हवं होतं."

रविवारी श्रीरंगदादा आला. त्याने स्टिक चारी दिशांना फिरवून पाहिली. "अरे, नव्यासारखी चालतेय! कुठल्या दुकानात दिली होती?"

"दुकान कशाला? डॉक्टर घरीच आलेत, कन्नडहून!" आई हसत म्हणाली. "दुरुस्ती सुदर्शनची, आणि चोर पकडला ओवीने. हुशार आहेत हो पोरं!"

"शाब्बास!" श्रीरंगदादाने सुदर्शनच्या पाठीवर थाप मारली. "तूपण चल परवा फर्दापूरला!"

सगळे हसले. हिमांशू मात्र ओवीकडे बघत होता. बाकीचे चहाला उठले, तेव्हा तो हळूच जवळ आला.

"तुलापण वाटलं होतं ना, मीच आपटला म्हणून?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. पण खोटं कसं दिसतं ते तिने कालच जवळून पाहिलं होतं.

"हो," ओवी म्हणाली. "वाटलं होतं. चुकलं माझं."

हिमांशूने डोळे बारीक करून मनात काहीतरी हिशेब केला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण परवा खिडकीची जागा माझी. जाताना पण आणि येताना पण!"