जरा लक्ष ठेवता का?

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला गोष्टी रचायला वेळ नाही. मी शिवणकाम करते, आणि जे सांगतेय ते माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात आणि नंतर माझ्याच घरात घडलंय.

माझ्या दुकानासमोर मुलांचं खेळायचं मैदान आहे. मशीनवर बसलं की घसरगुंडी, झोके, कोपऱ्यातला बाक, सगळं दिसतं.

थंडीतली संध्याकाळ होती. दिवे अजून लागायचे होते.

ताई तिच्या मुलीला घेऊन आली होती. पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो. एक मिनिट पाय जमिनीवर ठरेल तर शपथ. ताईला फोन आला. नीट ऐकू येईना, म्हणून ती फाटकाबाहेर निघाली. जाता जाता बाकाकडे वळून म्हणाली, "आजी, जरा हिच्याकडे लक्ष ठेवता का?"

असं आपण सगळ्याच म्हणतो. बाकावर कुणीतरी म्हातारं माणूस असतंच. कुणाची तरी आजी असेल, असं आपण धरून चालतो.

मी मान वर करून पाहिलं...

बाक रिकामा होता.

मला वाटलं, खांबाआड असेल कुणी. गिऱ्हाईकाची बाही उसवायची होती. मी पुन्हा मान खाली घातली. थोड्या वेळाने ताई आली आणि भिंगरीचा हात धरून तिला घरी ओढत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी जिना उतरेना.

"पडेन ना," ताईला म्हणाली. "आजी ओरडतात."

"कुठल्या आजी?"

"तूच सांगितलंस ना त्यांना..."

आधी धावणं बंद झालं. मग चालणं. मग ती पलंगाच्या कडेला बसली ती बसलीच. मांडीवर हात, पाठ ताठ. डॉक्टरांनी पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. सगळं ठणठणीत. शेजारीण तर म्हणाली, "किती गुणी झालीय हो पोरगी!" माझ्या हातात कात्री नव्हती म्हणून वाचली.

एका दुपारी मी भिंगरीजवळ बसले. खोलीत आम्ही दोघीच.

"भिंगरे, ऊठ. मावशीला पकडून दाखव."

तिचा पाय हलला. जेमतेम अंगठा.

आणि माझ्या मागून आवाज आला...

"च्... च्..."

वांड पोराला दटावताना म्हातारी माणसं करतात ना, तसा.

मागे फक्त कपाट होतं.

भिंगरीचा अंगठा जागीच थांबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलाही तिने हात उचलला नाही.

मी ताईला सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

"मी परत आले, हे त्यांना सांगितलंच नाही गं. फोनच्या नादात तशीच निघाले."

"मग जा आणि सांग!"

ती त्याच संध्याकाळी गेली. मी मशीन थांबवून खिडकीत उभी राहिले. माझा मुलगा गुंड्याही मैदानातच होता, घसरगुंडीच्या शिडीच्या टोकाला माकडासारखा लटकलेला.

ताई रिकाम्या बाकासमोर उभी राहिली. हात जोडून काहीतरी बोलली.

मग कान पुढे केला. ती ऐकत होती...

तिने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. तोंडावर हात दाबून रडली. पुन्हा ऐकलं.

मग हळूच हात वर केला आणि बोट दाखवलं.

शिडीकडे.

मला वाटलं, भिंगरी कुठे खेळायची ते दाखवतेय. देवाशपथ, मला तेवढंच वाटलं.

आम्ही ताईच्या घरी गेलो. वाटेत गुंड्या माझा हात सोडत नव्हता. दार उघडलं तर भिंगरी पलंगावर उड्या मारत होती! मी ताईच्या गळ्यात पडून रडले. ती मात्र लाकडासारखी उभी. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

आमच्या दाराशी आलो तेव्हा गुंड्या पायरीपाशी थांबला.

"आई, उचलून घे ना. पडलो तर?"

आता तो भिंतीशी बसतो. मांडीवर हात, पाठ ताठ. मी घास भरवते तेव्हा फक्त तोंड उघडतो.

मी ताईला विचारलं, "काय मागितलं त्या म्हातारीने तुझ्याकडे?" "काही नाही गं," म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिचं वाटोळं होवो असं रोज मनात येतं आणि रोज जीभ चावते, कारण भिंगरी माझीही आहे.

मग मीच बाकापाशी जायला लागले. रोज. "मी त्याची आई. मी आलेय. सोडा त्याला."

काही नाही. नुसतं थंड लाकूड.

परवा मात्र उत्तर आलं. अगदी कानाजवळ, अगदी मायेनं...

"सोडते की. मग लक्ष कुणावर ठेवू?"

मी धावत दुकानात आले आणि कडी लावली.

अजून मी बोट उचललेलं नाही. पण हल्ली सुई हातात धरवत नाही. मैदान भरलं की मी खिडकीत उभी राहते, आणि कुठल्या मुलाची आई फोनवर बोलत लांब गेलीय, ते बघत राहते.