कडीची जागा

"माझा क्लॅम्प सुटला म्हणतात," मिस्त्री म्हणाले. "जवळ जाऊन बघूही दिलं नाही. उद्या बँडवाले माझे सगळे क्लॅम्प परत करणार आहेत. एवढी बदनामी झाल्यावर दुकानाला कुलूपच."

वहिनी पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता लोकांची कोडी सोडवीत. त्यांचे धाकटे दीर, भावोजी, सोबत असत. चुकीच्या माणसावर संशय घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

मिस्त्री बँडच्या सरावाच्या खोलीबाहेरच थांबले; वहिनी आणि भावोजी आत गेले. आत ड्रमसेट होता, तो वाजवणारी मुलगी होती आणि तिचे काका. ड्रमसेटमधला एक टॉम, म्हणजे वर टांगलेला ड्रम, हातभर लांब, नळकांड्यासारखा. त्याला पेलणारा क्लॅम्प बाजारात मिळेना, म्हणून मिस्त्रींनी तो घडवला होता. टॉमची दांडी वरून क्लॅम्पमध्ये उतरे. परवा वाजवता वाजवता टॉम घसरला, खालच्या ड्रमच्या काठावर आपटला आणि चिरला.

"आठ दिवस नीट होता," पुतणी म्हणाली. "परवा आले तर स्टूल उंच झालेलं. पाय पोचेनात. ते खाली घेतलं आणि सुरू केलं."

"दांडी अडवणारी ही कडी?" वहिनींनी विचारलं.

"घट्ट आहे. किल्लीशिवाय हलत नाही. एक किल्ली माझ्याकडे, एक काकांकडे."

भावोजींनी वाकून पाहिलं. क्लॅम्पच्या अगदी खाली कडी घट्ट बसलेली होती.

"कडी घट्ट, म्हणजे क्लॅम्पच फसला," उंचेपुरे काका म्हणाले. "माझा ड्रम बघा."

कोपऱ्यात त्यांचा जुना मोठा ड्रम तीन पायांवर उभा होता. प्रत्येक पायावर, पकडीच्या खाली, तशीच कडी.

"तीस वर्षांत केसभरही खाली घसरला नाही."

भावोजींनी मान डोलावली. "मिस्त्रीच."

"भावोजी, दांडी कुठे घसरली?"

"खाली."

"मग तिला अडवायला कडी कुठे हवी?"

भावोजींनी बोटं जुळवून पाहिली. "क्लॅम्पच्या वर. वरून टेकेल अशी."

"ती खाली आहे. तिथे ती दांडीला फक्त वर जाऊ देत नाही. क्लॅम्पची पकड कितीही सैल झाली असती, तरी वरच्या कडीनं टॉम झेलला असता."

"म्हणजे मिस्त्रींनी उलटी बसवली."

"आणि स्टूलही त्यांनीच उंच केलं? परवा ही येण्याआधी कुणी उंच माणूस इथे बसला. टॉम आपल्या उंचीला घेतला, वाजवला, परत उतरवला. त्यासाठी क्लॅम्प सैल केला, किल्लीनं कडी काढली, आणि लावताना हात सवयीच्या जागी गेला. पायांवरच्या ड्रममध्ये पाय जमिनीवर ठाम असतो, घसरलाच तर ड्रम खाली येतो. म्हणून कडी पकडीखाली. तिथे ते अचूक. टांगलेल्या टॉमला नेमकं उलटं. काका, या खोलीत पायांवरचा ड्रम कोण लावतं?"

काकांनी खिशातली किल्ली काढून स्टूलवर ठेवली.

"नळकांडं म्हणून हिची थट्टा केली होती सगळ्यांदेखत," ते म्हणाले. "मग एकट्यानं वाजवून बघितलं."

"कसं वाटलं?" पुतणीनं विचारलं.

"गोड आहे गं आवाज. तेच सांगायची लाज वाटली."

त्यांनी दार उघडलं. "मिस्त्री, चूक माझी. क्लॅम्प राहू द्या. उद्या सगळ्यांना मी सांगेन."

मिस्त्री उंबऱ्यातच थांबले. "सगळ्यांना?"

"एकूण एकाला."

तेव्हा कुठे ते आत आले.