पेट्यांची दारं

त्या सकाळी फाटकाच्या कुलपावर मधमाश्या बसल्या होत्या. चारदोन नव्हेत... कुलूप, साखळी, वरची पाटी, सगळं झाकून टाकलेलं तपकिरी मोहोळ, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखं हलकेच वरखाली होणारं. माझ्या हातात किल्ली, पाठीमागे पर्यटकांच्या गाड्या आणि वर धुक्यात बुडालेली एटना, आमचा ज्वालामुखी. उद्यानाची हंगामी रक्षक म्हणून माझा तो पहिलाच आठवडा.

"हात लावू नका," मागून कुणीतरी म्हणालं. "राणीसाहेब बसल्यात."

मी वळले. उन्हाने रापलेला, उंच, दाढी वाढलेला एक माणूस काखेत रिकामी लाकडी पेटी घेऊन उभा होता. तोंडावर ना जाळी, ना हातात मोजे.

"त्यांना सांगा, आठला फाटक उघडायचं असतं," मी म्हणाले.

"सांगून बघतो. पण बाईमाणूस कधी—" माझ्या गणवेशाकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो थबकला. "म्हणजे... माश्या हो. मी माश्यांबद्दल बोलत होतो."

हसू आवरायला मला पाटीकडे बघावं लागलं. त्याने पेटी माझ्या हातात दिली, उघड्या ओंजळीने ते मोहोळ उचललं आणि आत सोडलं, ओलं धान्य ओतावं तसं. पेटी एकदम जड झाली, कोमट झाली. लाकडातून ती घरघर माझ्या कोपरांपर्यंत चढली. एक माशी मनगटावर आली आणि मी श्वास रोखला.

"सोडा श्वास," तो अगदी हळू म्हणाला. "तिला तुमचं काही करायचं नाहीये."

त्याचं नाव चिरीनो. पाइनच्या जंगलाखाली, जुन्या लाव्ह्याच्या पठारावर त्याच्या पेट्या होत्या. तिथे जूनमध्ये पिवळ्या फुलांची झुडपं अशी फुलतात की काळा खडक दिसेनासा होतो. माझी दुपारची फेरी तिथूनच जायची... म्हणजे आधी जात नव्हती, नंतर जायला लागली. आमचे मुख्य रक्षक यानू काका एकदा म्हणाले की, या पोरीला अचानक खालच्या वाटेची फार काळजी वाटायला लागलीय. माझे कान लाल झाले, मी बूट पुसत बसले.

चिरीनो बरीच वर्षं दूर उत्तरेत, तोरीनो शहरात मोटारींच्या कारखान्यात होता. त्याचा सख्खा काका वारला आणि पेट्यांना कुणी उरलं नाही, म्हणून तो परतला. तो बोलायचा कमी, पण बोलला की मला दिवसभर पुरायचं. आमच्याकडे एटनाचं नाव सहसा कुणी घेत नाही, नुसतं 'ती' म्हणतात. आज ती गप्प आहे, आज तिचं डोकं दुखतंय. तो म्हणायचा, या पठाराखाली माझ्या खापरपणजोबांचा द्राक्षमळा आहे, तिने नेला. मग तिच्यावरच ही फुलं उगवली. नेलं तिनेच, दिलंही तिनेच.

संध्याकाळी सूर्य डोंगरामागे गेला की तिची सावली आमच्यावरून पुढे सरकायची. गावं, लिंबांच्या बागा, किनारा ओलांडून थेट समुद्रावर टोकदार होऊन पडायची. आम्ही पाव आणि बकरीचं चीज खात ती बघायचो. इतक्या मोठ्या गोष्टीसमोर शेजारी बसलं की माणसाचा खांदाही किती जवळ वाटतो...

"तुमचं कंत्राट कधीपर्यंत?" त्याने एकदा विचारलं.

"ऑक्टोबर."

"हं," एवढंच म्हणून तो पावाचा तुकडा मोडत राहिला.

ऑगस्टच्या शेवटी ती उठली.

आधी जमीन थरथरली, मग उत्तरेच्या उतारावर एक भेग फाटली आणि लाव्हा पाइनच्या जंगलात शिरला. मी जन्मापासून तिला बघत आलेय, तरी अशी कधी बघितली नव्हती. लाव्हा वाहत नाही, चालत येतो. घराएवढ्या उंचीची काळी भिंत, तिच्या फटींतून लाल, आणि आवाज... कुणी हजारो काचेच्या बांगड्या एकावर एक ओतत असल्यासारखा. भिंत पोचायच्या आधीच झाडं भपकन पेटायची. आम्ही सगळ्या वाटा रिकाम्या केल्या. नजर लाव्ह्यावरून हटवायला मला दर वेळी स्वतःला दटावावं लागत होतं.

पठार तिच्या वाटेतच होतं. पहाटे, माश्या बाहेर पडायच्या आत, यानू काकांनी चिरीनोला पेट्या हलवायची परवानगी दिली. आम्ही सगळ्या पेट्यांची दारं चिंध्यांनी बंद केली आणि त्याच्या तीनचाकी टेंपोत एकेक चढवत गेलो. वरून राख पडत होती, केसांत, पापण्यांवर. दोन खेपा झाल्या. तिसरीला निघालो तेव्हा भिंत जंगलाच्या कडेला पोचली होती आणि टेंपोच्या वाटेवर जळती फांदी आडवी पडली होती.

"बस," मी म्हणाले. "आता नाही."

"शेवटची रांग आहे फक्त."

"चिरीनो, नाही."

तो माझ्याकडे न बघता पुढे निघाला. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले.

"तुला काही झालं तर मी काय करू?"

तुला. तोवर आम्ही एकमेकांना तुम्हीच म्हणत होतो. शब्द निसटला आणि तो जागच्या जागी थांबला. माझ्या तळव्याखाली त्याचं काळीज धडधडत होतं.

मग तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दारं बंद आहेत गं त्यांची. आपणच बंद केलीत."

मी भिंतीकडे बघितलं. वारा वर डोंगराकडे वाहत होता, धूर आमच्यावर येत नव्हता. ती सावकाश येत होती, वेळ थोडा होता, पण होता. बिनतारीवर यानू काकांना विचारलं. ते म्हणाले, पायी जा, वजन काही उचलू नका, मी पठाराच्या कडेवरून बघतोय.

आम्ही धावलो. त्याने एका टोकाने सुरुवात केली, मी दुसऱ्या. चिंधी ओढायची, पुढची पेटी, चिंधी ओढायची. आतून चिडलेल्या माश्या माझ्या बोटांवर तुटून पडल्या. तोंडावर भट्टीसारखी धग येत होती. शेवटच्या पेटीपाशी आमचे हात एकाच चिंधीवर पडले, आणि तो मला हाताला धरून पठाराच्या कडेला घेऊन आला.

तिथून आम्ही बघितलं. माश्या रांगेवरून उठल्या, एक सोनेरी धूर झाला, फिरला, उंच गेला आणि खालच्या चेस्टनटच्या रानाकडे वळला. मग भिंत पेट्यांवर आली. मेण पेटलं, उंच पिवळ्या ज्वाळा निघाल्या, आणि त्या सगळ्या गंधकात, राखेत मधाचा वास पसरला... जळलेला, गोड, चर्चमधल्या मेणबत्त्यांसारखा. यानू काकांनी टोपी काढली. चिरीनो रडत होता आणि त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मला भीती वाटत नव्हती, रागही येत नव्हता. फक्त गुडघे टेकावेसे वाटत होते.

मग त्याने माझे सुजलेले हात मांडीवर घेतले आणि नखाने माश्यांची एकेक नांगी काढत बसला.

"दुखतंय?"

"हो."

"मग सांगायचं नाही का?"

"तू सोडशील म्हणून नाही सांगितलं."

त्याने सोडले नाहीत.

लाव्हा पठाराखाली थोडं जाऊन थांबला. पळालेल्या माश्यांपैकी काही मोहोळं त्याला चेस्टनटवर सापडली, बाकीची नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मी गणवेश परत केला आणि आम्ही दोघं नव्या खडकाच्या कडेला गेलो. पाऊस भुरभुरत होता. खडक अजून तापलेला होता. प्रत्येक थेंब पडला की वाफ व्हायची, आणि साऱ्या पठारावरून पांढरा श्वास उठत होता. आमच्या आजोळी असा खडक थंड व्हायला वर्षं गेल्याचं सांगतात.

"हिवाळ्यात पेट्या कुठे नेतोस?" मी विचारलं.

"खाली, समुद्राकडे. जिथे कुणी जागा देईल तिथे."

"आमची लिंबांची बाग आहे. मार्चमध्ये फुलते. बाबांना विचारलंय मी, पेट्या ठेवायला हरकत नाही म्हणाले."

त्याने ओल्या दाढीवरून हात फिरवला. "आणि पेट्यांबरोबर जो येईल, त्याचं काय म्हणाले?"

"ते त्यांनी मला विचारलं," मी म्हणाले. "मी हो म्हटलं."

वाफ आमच्या खांद्यांपर्यंत चढली होती. त्याचा चेहरा तेवढा दिसत होता... आणि तो हसत होता.