कपाटाचं मागचं टोक

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी यात स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

मी फर्डिनंड. वसईचा. धंद्याने सुतार. आता सत्तरी उलटली, करवत सुटली. जे घडलं ते १९७९ सालच्या मे महिन्यात घडलं. शनिवार होता. वेळ संध्याकाळी साडेपाचची, चक्क उजेडातली. राजोडीच्या बाजूला आमची वाडी आहे. तिथल्या बावखलाच्या बांधावर हे झालं.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसात काठोकाठ भरतं. मे महिन्यात तळाशी गुडघाभर पाणी राहतं, आणि कडेचे धुण्याचे दगड उघडे पडतात.

माझ्यासोबत सॅन्टन होता. माझा मावसभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आम्ही दोघे मिळून कारखाना चालवत होतो. कारखाना कसला, पत्र्याची शेडच ती.

दुसऱ्या दिवशी आलोशियसकाकांच्या मुलीचं, बेलाचं लग्न होतं. तिचं सागाचं कपाट पोचवायचं होतं. बैलगाडी केळीच्या बागेपर्यंत आली. पुढे अरुंद बांध. तिथून कपाट हातांवर न्यायचं.

आता कपाट कसं नेतात ते सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

कपाट आडवं करायचं. पुढचा माणूस कपाटाकडे पाठ करून, हात मागे नेऊन धरतो. त्याला रस्ता दिसतो. मागचा माणूस खालून दोन्ही तळहात लावतो, कोपर वाकवतो, गाल फळीला टेकवतो. त्याला फक्त लाकूड दिसतं.

म्हणून पुढच्याने बोलत राहायचं. "पायरी." "खड्डा." "डावं घे." "उजवं घे."

आणि पुढचा गप्प असेल, तर मागच्याने समजायचं की रस्ता सरळ आहे. हा आमच्या कामाचा नियम. कोणी लिहून ठेवला नव्हता, पण सगळे पाळायचे.

त्या दिवशी मी पुढे होतो.

आणि मी रुसलो होतो.

कारण सांगायलाही लाज वाटते. कपाट गाडीत चढवताना शेजारपाजारचे जमले होते. मी बसवलेलं एक दार घासत होतं. सॅन्टन सगळ्यांसमोर म्हणाला, "फर्डीच्या दाराला ताप आलाय, अंग आखडलंय." लोक खो खो हसले. त्याने रंधा घेतला, दोन हात मारले, दार सुरळीत झालं. लोक आणखी हसले.

बस्स. एवढंच.

माझं डोकं फिरलं. ठरवलं, आज याच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

बांधावर आम्ही पन्नास पावलं गेलो असू.

"फर्डी, बोल रे," सॅन्टन मागून म्हणाला. "मला काय दिसत नाय."

मी गप्प.

"पुढं पानी आलं काय? बावखल आलं काय?"

मी गप्प.

"बरं बाबा, चुकलं माझं. आता तरी बोल!"

तो हसत होता. अजून आठवतं मला ते.

बावखलापाशी बांध उजवीकडे वळतो. मी वळलो. मी नेहमीसारखाच वळलो, फक्त तोंड उघडलं नाही. पुढचं टोक उजवीकडे गेलं की मागचं टोक डावीकडे फेकलं जातं. मागच्याला आधी सांगितलं तरच तो आत पाय घेतो.

सॅन्टनने सरळ पाय टाकला.

हातातलं वजन एकदम नाहीसं झालं...

मग आवाज आला. आधी दगडाचा, मग लाकडाचा.

मी खाली उतरेपर्यंत सगळं संपलं होतं.

माणसं धावत आली. आलोशियसकाका सगळ्यात पुढे. "अरे, काय झालं? कसं झालं?"

मी म्हणालो, "मी ओरडून सांगितलं. उजवं घे, उजवं घे. त्याने ऐकलं नाही."

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "प्यायला होता काय?"

मी मान हलवली.

होकारार्थी.

कोणी माझी मान धरून हलवली नाही. मीच हलवली.

सॅन्टनने दारू सोडल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सायबिणीच्या, म्हणजे मदर मेरीच्या सणाला त्याने सगळ्या गावादेखत वेदीसमोर गुडघे टेकून शपथ घेतली होती. त्याची बायको सेलिन शेजारी उभी होती, रडत होती. आनंदाने. त्या दिवसापासून ती गावात मान वर करून चालायला लागली होती.

माझ्या एका होकाराने ती मान खाली गेली.

दफनाला फादरांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले.

आणि माझे हात जागेवर नव्हते...

मी ते छातीशी जोडले होते. पक्कं आठवतंय. पण डोळे मिटल्यावर मला ते पुढे पसरलेले जाणवले. तळहात वर. कोपर वाकलेले. तळहातांवर वजन. जड, रुंद, लाकडाचं.

मी डोळे उघडले. हात छातीशीच होते.

पुन्हा मिटले.

पुन्हा वजन.

वाटलं, मनाला लागलंय, जाईल हळूहळू. नाही गेलं. अंघोळ करताना डोळ्यांत साबण गेला की मी धाडकन पडायचो. अंथरुणात डोळे मिटले की पाठ गादीवर आहे हेच कळायचं नाही. अंग उभं असायचं, पुढे वाकलेलं, चालत असलेलं. माझी बायको क्लारा म्हणायची, "झोपेत गाल का दाबता हो उशीवर? एकच बाजू लाल होते."

उजवा गाल. सॅन्टन उजवाच गाल फळीला लावायचा.

माणिकपूरला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला टेबलावर झोपवलं, डोळे बंद करायला सांगितले. माझ्या पायाचा अंगठा धरला.

"आता वर केला की खाली?"

"वर."

"आता?"

"खाली."

दहा वेळा विचारलं. दहाही वेळा मी चुकलो.

मग म्हणाले, "डोळे मिटूनच उभे राहा बरं."

मी उभा राहिलो.

"तुम्ही काय उचलताय?" त्यांनी विचारलं.

मी डोळे उघडले. या वेळी माझे हात खरोखरच पुढे आले होते. बोटं वाकलेली. कडेखाली घालतात तशी.

डॉक्टर म्हणाले, न बघताही आपला हात कुठे आहे, पाय कुठे आहे हे प्रत्येकाला कळतं. तुमची ती जाण गेलीय. त्यांनी मला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे सुया टोचल्या, फोटो काढले. सगळं नॉर्मल निघालं.

तेव्हापासून मी पायांकडे बघत चालायला लागलो. लोक म्हणायचे, फर्डी किती खचलाय, मान वर करत नाही बिचारा. मला कीव मिळत होती आणि सेलिनला टोमणे.

हात बघितल्याशिवाय करवत चालेना. डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर त्यातच गेलं.

पण खरी भीती वेगळी होती. ती मी क्लारालाही सांगितली नव्हती.

माझ्या हातांवर नुसतं वजन नव्हतं. ते वजन हलत होतं. एका लयीत.

म्हणजे कपाटाचं दुसरं टोक कोणीतरी धरलं होतं...

पुढे कोणीतरी चालत होतं.

आणि तो बोलत नव्हता.

अशी पाच वर्षं गेली.

१९८४चा जुलै. रात्रीचे आठ वाजले असतील. मी चर्चकडून घरी निघालो होतो. बावखल माझ्या वाटेवर नाही. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी तिकडे जाणं केव्हाच सोडलं होतं.

वाटेत लाइट गेली. आभाळ इतकं भरलेलं की स्वतःचे पाय दिसेनात.

माझ्यासारख्याला पाय दिसले नाहीत, म्हणजे पाय नाहीतच.

मी थांबलो. निदान मला वाटलं, मी थांबलो...

तळहातांवर वजन आलं. गालाला लाकूड लागलं. सागाचा वास आला.

कपाट पुढे ओढलं गेलं. त्याच्यामागून मी.

एक पाऊल. दुसरं. तिसरं. पायाखाली रस्ता आहे की चिखल, काही कळत नव्हतं. फक्त पुढच्याची चाल कळत होती, फळीतून.

"कोण आहे?" मी म्हणालो.

काही नाही.

"पुढे काय आहे? सांग ना!"

काही नाही.

पुढचा गप्प, म्हणजे रस्ता सरळ. पाच वर्षांत पहिल्यांदा मला कळलं, या शांततेवर विसंबून पाय टाकणं काय असतं. आपण पुन्हा विचारतो, मग चेष्टेवारी नेतो, मग माफी मागतो. आणि तरी पाय टाकावाच लागतो, कारण हातातलं सोडून देता येत नाही.

"चुकलं माझं," मी ओरडलो. "चुकलं! आता तरी बोल!"

पुढचं टोक उजवीकडे वळलं...

माझं डावीकडे फेकलं गेलं.

"कोण रे तिथं?" बॅटरीचा उजेड तोंडावर पडला. आलोशियसकाका होते. "फर्डी? अरे, थांब! पाय हलवू नको!"

मी खाली बघितलं. माझा डावा पाय हवेत होता. खाली बावखल. काठोकाठ भरलेलं.

चर्चपासून तिथवर वीस मिनिटांची वाट आहे. मला चार पावलं आठवत होती.

काकांनी मला घरी आणून सोडलं. क्लाराने कंदील जवळ धरला. "गालाला काय लागलंय?" म्हणाली, आणि चिमटा घेऊन आली.

उजव्या गालातून तिने लाकडाचं एक बारीक कुसळ काढलं. मी सुतार आहे. लाकूड ओळखतो. साग होता तो. आणि गेला महिनाभर मी सागाला हात लावला नव्हता.

सकाळी मी सेलिनकडे गेलो. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. रुसवा, गप्प राहणं, ते खोटं, तो होकार. एका दमात.

तिचा हात थांबला नाही.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"काय?"

"तो प्यायला नव्हता. त्याला पुसून घेतला, कपडे घातले, ते मीच ना. त्याच्या तोंडाशी तोंड नेलं होतं मी. वास नव्हता, फर्डी."



"मग तू कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं. बायकोचं कोन ऐकतंय? म्हनाले, नवऱ्याची अब्रू झाकते." तिने सूप बाजूला ठेवलं. "तू तिथं होतास. तुझं ऐकतील. मी वाट बघत होते, हा कधी येईल."

"मला माफ कर."

"माफीचं नंतर बघू. मला सांगून काय उपेग? आयतवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दारात उभा राहा. आनि गावाला सांग."

मी हो म्हणालो.

रविवारी मी चर्चच्या दारात उभा राहिलो. लोक बाहेर आले. आलोशियसकाकांनी खांद्यावर हात ठेवला, "बरं वाटतं का रे आता?" बेलाने आपलं बाळ माझ्याकडे दिलं. सगळे मायेने बोलत होते.

माझं तोंड उघडलं नाही.

सेलिन पायरीवर उभी राहून बघत होती. लोक पांगेपर्यंत थांबली, मग एकटी घरी गेली.

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी ती थांबली नाही. त्यानंतर तिने मला कधीही विचारलं नाही. १९८८मध्ये ती वारली. तिच्या दफनाला दोन बायका माझ्यामागे कुजबुजत होत्या, "दारुड्याची बायको, पन सोन्यासारखी होती गं."

मी तेव्हाही गप्प राहिलो.

म्हणून हे इथे लिहितोय. इथे समोर कोणाचं तोंड दिसत नाही, म्हणून जमतंय. भित्रा माणूस आणखी काय करणार?

सॅन्टन त्या दिवशी प्यायलेला नव्हता. एक थेंबसुद्धा नाही. मी बोललो नाही, म्हणून तो मेला. आमच्या गावचं कोणी हे वाचत असेल, तर घरोघरी सांगा.

एवढं लिहिलं आणि पेन ठेवलं. वाटलं, आता हलकं होईल. डोळे मिटून पाहिले...

वजन होतं. तेवढंच.

पण ते हलत नव्हतं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढचा थांबला होता.

मागच्याला दिसत नसलं तरी फळीतून सगळं समजतं. पुढच्याने पकड बदलली, खांदा फिरवला, मान वळवली... सगळं.

तो मागे वळत होता.

आजवर मी धरून चाललो होतो की पुढे सॅन्टन आहे, तो माझ्यावर सूड घेतोय. आज पहिल्यांदा नीट विचार केला. सॅन्टन असता, तर कितीही राग आला असता तरी वळणावर त्याने मला सांगितलं असतं. वळणावर गप्प राहिलेला माणूस मला एकच माहीत आहे.

मी घाईघाईने डोळे उघडले. अजून मिटलेले नाहीत.